दूरच्या प्रवासातील मोटारसायकलला पूरक दिवे

रात्रीच्या हमरस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यातच ३३ मीटर मागे पडलेले असतात. त्यानंतर कोरड्या डांबरावर ब्रेक उत्तम लागले तरी गाडी थांबायला आणखी ४० मीटर हवेत. हा झाला सत्तर-पंचाहत्तर मीटरचा हिशेब. डिपरवर असलेल्या हेडलाइटचा उपयोगी प्रकाश मात्र बहुतेक दुचाक्यांमध्ये पन्नास-साठ मीटरच्या पुढे फारसा जात नाही. म्हणजेच रस्त्यात बसलेली म्हैस किंवा दिव्यांविना उभा असलेला उसाचा ट्रॅक्टर दिसेल तेव्हा थांबण्याची वेळ टळून गेलेली असते. वेग ६० वर आणला, तर हेच अंतर पन्नास मीटरच्या आत येते. पूरक दिव्यांचा विचार करण्यापूर्वी हा हिशेब समजून घेणे आवश्यक आहे, कारण दिव्यांपेक्षा स्वस्त उपाय उजव्या हाताच्या मुठीतच असतो.

तरीही दिव्यांची गरज उरतेच. पावसाळ्यातील ताम्हिणी किंवा आंबोली घाटातले धुके, वरंध घाटातील अंधारी वळणे, मनाली-लेह मार्गावरील धूळ या परिस्थितीत मूळ हेडलाइट अपुरा पडतो, हा दूरच्या प्रवासाला निघणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव. बाजारात त्यावर उपाय भरपूर आहेत. मात्र कोणता दिवा कशासाठी, तो किती वीज घेतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो की नाही, हे तीन प्रश्न फारसे विचारले जात नाहीत.

हेडलाइटच्या दोन्ही बाजूंना छोटे दिवे ही कल्पना तशी जुनीच. रॉयल एनफील्डने १९५४ मध्ये हेडलाइट व मीटर एकत्र सामावणारे धातूचे आवरण आणले, त्यावर दोन इवलेसे पायलट लॅम्प होते. बुलेटच्या चेहऱ्याची ती ओळख आजही टिकून आहे. मात्र ते दिवे गाडी दिसावी म्हणून होते, रस्ता उजळण्यासाठी नव्हेत. ‘दिसणे’ आणि ‘पाहणे’ हा फरक आजच्या दिव्यांनाही लागू पडतो.

दिवा कोणता निवडावा?

पूरक दिवे मुख्यतः दोन प्रकारचे. पहिला ड्रायव्हिंग लॅम्प, ज्याला गॅरेजच्या भाषेत स्पॉट म्हणतात. त्याचा झोत अरुंद आणि लांब जाणारा असतो. तो अप्परचा जोडीदार असून रिकाम्या, सरळ रस्त्यावरच त्याचा उपयोग. दुसरा फॉग लॅम्प. त्याचा झोत रुंद, बुटका आणि वरच्या बाजूस धारदार रेषेत कापलेला असतो. धुक्यातील पाण्याचे बारीक थेंब प्रकाश उलट चालकाकडेच परतवतात आणि अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, ती त्यामुळेच. फॉग लॅम्प खालून, धुक्याच्या थराखालून रस्त्याची कड आणि पांढरा पट्टा दाखवतो. लांबचे दाखवणे हे त्याचे काम नाही. घाटात वळणाची आतली बाजू उजळण्यासही त्याची रुंदी कामी येते, तिथे स्पॉट मात्र दरीच्या पोकळीत प्रकाश टाकत राहतो.

दुकानात ‘फॉग लाइट’ म्हणून मिळणाऱ्या अनेक एलईडी दिव्यांच्या झोताला वरची कापलेली रेषा नसतेच. चौकोनी खोक्यात चार-सहा एलईडी, समोर साधी काच आणि प्रकाश चौफेर, अशी त्यांची रचना. हे दिवे शेतात किंवा खडकाळ वाटेवर ठीक, पण दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यावर ते समोरच्याला आंधळे करतात. खोक्यावर लिहिलेल्या ल्युमेनच्या आकड्यावरही विसंबू नये. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो रस्त्यावर कुठे पडतो हे परावर्तक आणि भिंग ठरवतात. विकत घेण्यापूर्वी अंधाऱ्या भिंतीवर झोत पाडून पाहणे, हीच खात्रीची परीक्षा.

पिवळा की पांढरा, हा वाद जुना आहे. फ्रान्समध्ये १९३०च्या दशकापासून १९९३ पर्यंत मोटारींना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते. पिवळा प्रकाश धुके ‘भेदतो’ असे सांगितले जाते, ते मात्र शास्त्राला धरून नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने इतके मोठे असतात, की सर्वच रंग जवळपास सारखे विखुरतात. निळसर अंश वगळल्याने डोळ्यांना त्रास कमी जाणवतो, एवढे खरे. त्यामुळे सहा-साडेसहा हजार केल्व्हिनच्या निळसर पांढऱ्या दिव्यापेक्षा उबदार रंगाचा दिवा पावसात सुखाचा वाटतो.

मूळ हेडलाइटमध्येच जास्त वॉटचा बल्ब घालण्याची युक्ती जुनी आणि वाईट आहे. ६०/५५ वॉटच्या एच-४ बल्बसाठी घडवलेल्या होल्डरमध्ये १०० वॉटचा बल्ब बसवला, की होल्डर वितळतो आणि परावर्तकाचा मुलामा काळवंडतो. हॅलोजनच्या परावर्तकात एलईडी बल्ब घातल्यास प्रकाशाचा उगम मूळ तारेच्या जागी येईलच असे नाही, आणि झोत विस्कटतो.

विजेचा जमाखर्च

मोटारसायकलचा स्टेटर ठरावीकच वीज निर्माण करतो. १ एप्रिल २०१७ पासून देशात नव्या दुचाक्यांचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप सुरू राहतो. इंधन इंजेक्शन असलेल्या गाड्यांत पंप आणि ईसीयूचा खर्चही कायमचा. उरते ती शिल्लक, आणि तीतूनच पूरक दिवे, मोबाइलचे चार्जर, थंडीत गरम होणारे हातमोजे हे सारे भागवायचे असते. ५५ वॉटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॉट, बारा व्होल्टवर सव्वानऊ अँपिअर. वीस वॉटचे दोन एलईडी घेतले, तर हाच आकडा साडेतीन अँपिअरच्या आत येतो. दूरच्या प्रवासाच्या गाड्यांवर एलईडीने हॅलोजनला मागे टाकले त्यामागे हे गणित आहे. गाडीला ते पेलते की नाही, हे साध्या मल्टिमीटरने कळते. सर्व दिवे लावून, इंजिन प्रवासाच्या गतीने फिरत असताना बॅटरीच्या टोकांवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले पाहिजेत. आकडा बारा-साडेबारावर रेंगाळत असेल, तर दिवे बॅटरीच्या पुंजीवर जळत आहेत, असे समजावे.

हेडलाइटच्या वायरला चिमटा लावून दिवे जोडण्याची पद्धत मात्र टाळावी. ती वायर आणि हँडलवरचे बटण जेवढ्या प्रवाहासाठी केलेले असते, त्याच्या दुप्पट-तिप्पट प्रवाह त्यांतून गेला की ती तापतात. योग्य पद्धत रिलेची. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली जाड वायर प्रथम फ्यूजमधून जाते. हा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, कारण त्याच्या अलीकडे वायर कुठे घासून चेसिसला टेकली, तर तिला वाचवणारे काहीच नसते. फ्यूजमधून वायर रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला येते आणि ८७ मधून दिव्यांकडे जाते. ८५ आणि ८६ ही रिलेच्या कॉइलची टोके. त्यांपैकी एक अर्थला आणि दुसरे हँडलवरच्या छोट्या जलरोधक बटणाला जोडतात. कॉइल अँपिअरचा अगदी लहान अंशच ओढते, त्यामुळे हे बटण आणि त्याची बारीक वायर कधी तापत नाहीत.

बटणाला येणारी वीज कोठून घ्यावी, यात खरी समज आहे. स्पॉट असतील तर ती अप्परच्या वायरवरून घ्यावी. मग समोरून वाहन आल्यावर डिपर मारला, की स्पॉट आपोआप विझतात. हात दोनदा हलवावा लागत नाही, आणि विसर पडण्याचा प्रश्नच उरत नाही. फॉग लॅम्पसाठी पार्किंगच्या वायरवरून घेतलेली वीज चालते. चावी बंद केल्यावर दोन्ही विझले पाहिजेत, नाही तर सकाळी धक्का मारण्याची पाळी येते.

वायरच्या जाडीकडे सहसा दुर्लक्ष होते. सव्वानऊ अँपिअर प्रवाह जाऊन-येऊन चार मीटर अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरमधून नेला, तर वाटेतच सव्वा व्होल्टहून अधिक खर्ची पडतो. दीड चौरस मिलिमीटरची वायर घेतली, तर ही गळती अर्ध्या व्होल्टच्या आत राहते. हॅलोजनचा दाब दहा टक्क्यांनी उतरला, की प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. म्हणजे दिव्यावर खर्च केलेले पैसे स्वस्त वायरमध्ये गडप होतात. अर्थची वायरही रंगवलेल्या चेसिसच्या बोल्टला न देता थेट बॅटरीच्या ऋण टोकाला न्यावी. सांध्यांना डाग देण्यापेक्षा नीट दाबलेली थिंबल आणि वर हीट-श्रिंकची नळी अधिक टिकते. कारण डाग दिलेली वायर ताठ होते आणि एका सिलिंडरच्या इंजिनाच्या कंपनाने नेमकी तिथेच तुटते. नवी वायरिंग मूळ हार्नेस न कापता, टाकीखालून, सायलेन्सरपासून दूर न्यावी. मूळ हार्नेस कापला, तर वॉरंटीचा दावा कंपनी नाकारू शकते.

बसवण्याची जागा

लेग गार्ड ही सर्वांत सोयीची जागा. दिवा खाली येतो, म्हणून धुक्यात उपयोगी. पण गाडी आडवी झाली, की पहिला मार त्यालाच बसतो. शिवाय पाय आखडून बसणाऱ्याच्या बुटाची सावली झोतात पडते. फोर्कच्या नळ्यांवर क्लॅम्पने बसवलेले दिवे हँडलबरोबर वळतात, त्यामुळे घाटातील तीव्र वळणांत ते उजवे ठरतात. तिथे वायरला पुरेसा ढिला फेर ठेवून, इंजिन सुरू असताना हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावे. पुढचे शॉकअप पूर्ण दबल्यावर मडगार्ड दिव्याला लागत नाही ना, हेही तपासावे.

दोन दिवे रुंद अंतरावर बसवण्याचा आणखी एक लाभ आहे. एकच दिवा समोरून येत असेल, तर तो किती दूर आहे आणि किती वेगाने येतो आहे, हे ओळखणे ट्रकचालकाला कठीण जाते. वर हेडलाइट आणि खाली दोन दिवे असा त्रिकोण दिसला, की जवळ येताना तो मोठा होत जातो आणि अंदाज बांधता येतो. अमेरिकेत १९९०च्या दशकात रेल्वे इंजिनांना हेडलाइटखाली दोन जादा दिवे सक्तीचे झाले, त्यामागेही फाटकावर गाडी ठळक दिसावी हाच हेतू होता.

दिव्याच्या खोक्यावरील आयपी-६७ म्हणजे धूळ आत शिरत नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी दिवा टिकतो. कोकणातल्या पावसाला ते पुरे. सर्व्हिस सेंटरमधील जोरदार पाण्याच्या झोताची हमी मात्र त्यात नाही.

कायदा काय म्हणतो?

येथे सावध असावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १११व्या नियमानुसार वाहनाच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावण्यास, अपवादात्मक स्थितीत नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी असल्याखेरीज मनाई आहे. १०६व्या नियमानुसार पुढचा झोत कायम खाली झुकलेला हवा. दिव्यापासून आठ मीटरवर, वाहनाच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणारा नसावा. मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम वाहनातील फेरफारांवर मर्यादा घालते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफारासाठी प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. गाडीच्या कंपनीनेच त्या मॉडेलसाठी विकलेला संच अधिकृत केंद्रात बसवून पावती जवळ ठेवणे, हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग. मात्र तोही समोरच्याला दिपवण्याचा परवाना नव्हे.

झोत जुळवणे

बसवण्यापेक्षा जुळवणे महत्त्वाचे, आणि अनेक जण नेमके तेच गाळतात. सपाट जागेवर भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी सरळ उभी करावी. चालक बसलेला असावा, आणि प्रवासात मागे माणूस व पेट्या असणार असतील तर त्यांच्यासह. कारण मागचे ओझे वाढले, की गाडीचे नाक वर उठते. केवळ एका अंशाने झोत उचलला गेला, तरी पन्नास मीटरवर तो जवळजवळ ८७ सेंटिमीटर वर जातो. म्हणजे डांबरावरून थेट मोटारचालकाच्या चेहऱ्यावर. भिंतीवर दिव्याच्या मध्याच्या उंचीची खूण करावी. स्पॉटचा तेजस्वी गाभा या खुणेच्या किंचित खाली असावा. फॉग लॅम्पची वरची रेषा किमान पंधरा सेंटिमीटर खाली ठेवली, तर उतार दोन टक्के होतो, आणि साठ सेंटिमीटर उंचीवरच्या दिव्याची ही रेषा तीस मीटरवर जमिनीला टेकते. धुक्यात याहून लांब पाहण्याचा हव्यास निरर्थक असतो. डावा दिवा किंचित डावीकडे वळवला, तर रस्त्याची कड उजळते. उजवा मात्र सरळच ठेवावा.

बोल्टना धागे घट्ट धरणारे द्रव लावले, तरी पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर पाना फिरवून पाहावा लागतो. खराब रस्त्यावर ब्रॅकेट हळूहळू वर सरकते आणि ते चालकाला कळत नाही. समोरची वाहने वारंवार अप्पर-डिपर मारू लागली, तर दोष त्यांचा नसून आपल्या ब्रॅकेटचा असण्याची शक्यता अधिक. शहरात शिरताना दिव्यांवर अपारदर्शक झाकणे चढवण्याची पद्धत काही चालक पाळतात. तिने काचही वाचते आणि चुकून बटण दाबले गेले, तरी कोणाचे डोळे दिपत नाहीत. एलईडी मात्र झाकणाखाली जळता ठेवू नये. त्याच्या अॅल्युमिनियमच्या पंखांना वारा लागला नाही, तर दिवा तापून त्याचे आयुष्य घटते.