पत्र स्वस्त, हाताळणी महाग

समजा, दुकानाची दहा हजार पत्रकं टपालानं पाठवायचीत. खर्च कुठे वाचेल? उत्तर सापडतं १८३७ सालात.

तेव्हा इंग्लंडमध्ये रोलंड हिल यांनी हिशेब मांडला. लंडनहून एडिंबरोला एक पत्र वाहून न्यायला खरा खर्च किती? एका पेनीचा छत्तिसावा भाग! आणि लोक मोजायचे शिलिंगाहून जास्त. कारण खरी कटकट हाताळणीची होती: अंतर बघा, कागद मोजा, दारात उभं राहून पैसे मागा. १८४० मध्ये पेनी टपाल आलं. अंतर कितीही असो, दर एकच, आणि तिकीट आधीच चिकटवलेलं. काम घटलं, दर पडला.

अमेरिकेत १९६३ला झिप कोड आला. चारच वर्षांत जाहिरातींचे गठ्ठे पाठवणाऱ्यांना पत्रं झिपप्रमाणे लावून आणणं सक्तीचं झालं. १९७६मध्ये साध्या पत्रांनाही अशा छाटणीसाठी सवलत मिळू लागली. म्हणजे टपालखात्याचं काम तुम्ही केलंत, तर त्याचे पैसे तुमचे.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड आला. तो घडवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, शिवाय संस्कृत कवी! पहिले तीन आकडे छाटणीचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस.

म्हणून पोस्टात जाण्याआधी यादीतले जुने पत्ते काढा, एका पत्रकाचं वजन बघा, पिनकोडप्रमाणे गठ्ठे बांधा. मगच विचारा, 'घाऊक दर काय?'