शब्दांधत्वापासून अध्ययन-अक्षमतेपर्यंत : मुंबईच्या शालेय इतिहासातील एक प्रकरण

मेंदूविज्ञान आणि शिक्षण यांच्या संबंधाची चर्चा बहुधा सिद्धान्ताच्या पातळीवरच होते. हा संबंध परीक्षेच्या नियमांत केव्हा व कोणत्या मर्यादांसह उतरला, हे पाहावयाचे झाल्यास मुंबईचे उदाहरण उद्बोधक आहे.

इ.स. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज वैद्याने ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा बुद्धिमान होता, त्याची दृष्टी निर्दोष होती व गणितही त्याला जमत असे. परंतु साधे शब्द त्याला वाचता येत नसत. या ‘जन्मजात शब्दांधत्वा’चे मूळ मॉर्गनने मेंदूच्या रचनेत शोधले. पुढे १९६३ मध्ये अमेरिकेत सॅम्युएल कर्क यांनी ‘अध्ययन-अक्षमता’ ही संज्ञा रूढ केली आणि वैद्यकाचा हा प्रश्न शिक्षणाचाही झाला.

मॉर्गनच्या लेखाला शंभर वर्षे झाली त्याच वर्षी, म्हणजे १९९६ मध्ये, महाराष्ट्र शासनाने अशा विद्यार्थ्यांना माध्यमिक शालान्त परीक्षेत सवलती दिल्या. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेऐवजी अन्य विषय, अशा त्या होत. मात्र त्यांसाठी मान्यताप्राप्त रुग्णालयाचे प्रमाणपत्र आवश्यक होते. शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय हे या कामाचे एक प्रमुख केंद्र बनले.

येथेच खरी अडचण उद्भवली. निदानासाठी प्रमाणित चाचण्या लागतात, आणि त्या प्रायः इंग्रजीत होत्या. भारतीय भाषांत अशा चाचण्या नसल्याची खंत या क्षेत्रातील डॉक्टरांनीही नोंदविली आहे. अंधेरी-बोरिवली असो वा घाटकोपर-मुलुंड, उपनगरांत इंग्रजी व मराठी माध्यमाच्या शाळा शेजारीशेजारी नांदतात. दोन शाळांतील दोन मुलांची अडचण एकाच जातीची असली, तरी एकाला निदानाचा मार्ग खुला होता. दुसऱ्याच्या वाट्याला ‘ढ’ ही जुनी पदवीच येण्याचा संभव अधिक होता.

इंग्रजी चाचणीचे नुसते भाषांतर करून हे भागण्यासारखे नव्हते. देवनागरीत ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते, पण तिचा उच्चार नंतर होतो; जोडाक्षरांत व्यंजनांचे आकारच पालटतात. इंग्रजी वाचकापुढे अशा स्वरूपाची अडचण नसते. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या पुढाकाराने २०१५ मध्ये मराठीसह काही भाषांसाठी स्वतंत्र चाचणीसंच तयार झाला, तो याच जाणिवेतून. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अध्ययन-अक्षमतेला कायद्याची मान्यता दिली.

तात्पर्य, प्रयोगशाळेतील ज्ञान वर्गात पोहोचते ते चाचणीच्या द्वारे. आणि ती चाचणी ज्या भाषेत असेल त्या भाषेच्या मुलांपर्यंत ते आधी पोहोचते. सवलती प्रत्यक्षात कोणत्या माध्यमाच्या विद्यार्थ्यांना मिळाल्या, याचा उपनगरवार अभ्यास पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घ्यावा, इतके महत्त्व या प्रकरणाला निश्चितच आहे.