स्टिल्टमधील पंचवीस जागा : उपनगरांतील घरांचा कायदा कसा घडला?

१/ दहिसर पूर्वेच्या आनंदनगरातील 'पांचाली' ही ५६ सदनिकांची इमारत. तिच्या तळाशी खांबांमध्ये, म्हणजे स्टिल्टमध्ये, वाहनांसाठी २५ जागा. त्या बिल्डरच्या की रहिवाशांच्या? हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याची मुळे मात्र १९४७ पर्यंत पोहोचतात.

२/ १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी साधारणतः सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला संरक्षण मिळाले. पण भाड्याने देण्यासाठी चाळी बांधणे परवडेनासे झाले. १९५० आणि १९५७ मध्ये उपनगरे टप्प्याटप्प्याने बृहन्मुंबईत आली. लोकसंख्या वाढत होती, घरे अपुरी होती. 'मालकी हक्काची सदनिका' विकण्याची पद्धत रुजली ती याच काळात.

३/ या नव्या व्यवहाराला जुने कायदे पुरे पडेनात. आगाऊ रक्कम घ्यायची, नकाशे परस्पर बदलायचे, जमीन स्वतःकडेच ठेवायची, अशा तक्रारी वाढल्या. २० मे १९६० रोजी राज्य सरकारने समिती नेमली. तिचा अहवाल जून १९६१ मध्ये आला. त्यातून १९६३ चा महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांचा अधिनियम, अर्थात 'मोफा', जन्मला.

४/ मोफाने बिल्डरला बंधने घातली. लेखी व नोंदणीकृत करारापूर्वी आगाऊ रक्कम घ्यायची नाही; ती किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक नसावी. खरेदीदारांच्या संमतीविना मंजूर नकाशात बदल नको. सहकारी संस्था स्थापून जमीन व इमारत तिच्या नावे करून द्यायची. वेगळी मुदत ठरली नसेल, तर संस्थेच्या नोंदणीपासून चार महिन्यांत.

५/ शेवटचे कलम बहुधा कागदावरच राहिले. जमिनीवरील वाढीव बांधकामाचा लाभ बिल्डर सहजी सोडीना. अखेर २००८ च्या दुरुस्तीने 'मानीव अभिहस्तांतरण' आणले. बिल्डर टाळाटाळ करत असेल, तर संस्थेला जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येऊ लागला. जिथे दिवाणी दाव्यात वर्षे जात, तिथे प्रशासकीय अर्जाचा मार्ग खुला झाला.

६/ पांचालीत बिल्डरचा युक्तिवाद असा : मोफाच्या व्याख्येनुसार 'सदनिके'त गॅरेजही येते, म्हणून स्टिल्टमधील जागा स्वतंत्रपणे विकता येतात. नगर दिवाणी न्यायालयाने २००७ मध्ये आणि उच्च न्यायालयाने २००८ मध्ये तो फेटाळला. ३१ ऑगस्ट २०१० रोजी न्या. लोढा व न्या. पटनाईक यांनीही तेच सांगितले. घर घेणारा सामान्य माणूस 'गॅरेज' म्हणजे काय समजतो, हे पाहायला हवे. बाजूंनी उघडी जागा गॅरेज नव्हे. ती इमारतीच्या सामाईक भागात मोडते आणि बिल्डरला ती विकता येत नाही.

७/ २०१६ च्या केंद्रीय 'रेरा' कायद्याने गॅरेजची व्याख्याच लिहून टाकली : वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती. करारापूर्वी घेता येणारी रक्कम १० टक्क्यांवर आली. खरेदीदारांच्या पैशांपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक झाले. राज्याचा २०१२ चा गृहनिर्माण कायदा रद्द झाला. १ मे २०१७ पासून महारेराचे काम सुरू झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेराची वैधता मान्य केली.

८/ वकिलीचे स्वरूपही पालटले. महारेराकडे तक्रार ऑनलाइन दाखल होते. तक्रारदार स्वतः बाजू मांडू शकतो. वकिलाप्रमाणेच सनदी लेखापाल किंवा कंपनी सचिवही त्याच्या वतीने उभा राहू शकतो. मोफा मात्र रद्द झालेला नाही. त्यामुळे वकिलाला १९६३ आणि २०१६ हे दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचावे लागतात.

९/ अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर : जुनी इमारत पुनर्विकासाला निघाली की पहिला प्रश्न आजही मालमत्ता पत्रकावरील नावाचाच असतो. तिथे संस्थेऐवजी बिल्डरचे किंवा मूळ जमीनमालकाचे नाव असेल, तर १९६३ मध्ये दिलेले वचन त्या इमारतीपुरते अजून पुरे व्हायचे आहे.