संहत नगर आणि विखुरलेली वाडी : धामापूरच्या तलावावरून एक विचार

नगररचनाशास्त्रात ज्यास 'कॉम्पॅक्ट सिटी' म्हणतात त्या कल्पनेसाठी मराठीत शब्द योजताना अभ्यासकास थोडे अडखळावे लागते. 'दाट' म्हणावे तर गर्दीचा बोध होतो. 'आटोपशीर' म्हणावे तर लहानपणाचा. मूळ कल्पनेत या दोहोंपैकी एकही अपरिहार्य नाही. प्रस्तुत लेखात 'संहत' हा शब्द योजिला आहे. एकत्र येऊन घट्ट जुळलेले, सांध्यात पक्के बसलेले, हा त्याचा अर्थ. सांध्याची ही छटा मला मुद्दाम हवी आहे. कारण संहत म्हणविणारे नगर कशाशी सांधलेले असते, हाच येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे.

'कॉम्पॅक्ट सिटी' ही संज्ञा १९७३ साली जॉर्ज डँट्झिग व थॉमस साटी या दोन गणितज्ञांनी आपल्या ग्रंथास दिली. मजल्यावर मजले चढवून लक्षावधी लोक थोड्या जागेत वसवावे आणि प्रवासात जाणारा वेळ व इंधन वाचवावे, अशी त्यांची योजना होती. त्यापूर्वी १९६१ साली जेन जेकब्झ यांनी दाट व मिश्र वस्तीच्या रस्त्यांची बाजू निराळ्या कारणांसाठी, म्हणजे माणसांच्या नित्य वावरासाठी, मांडली होती. १९८७ च्या ब्रुंटलंड अहवालाने 'शाश्वत विकास' हा शब्दप्रयोग जगभर रूढ केला. १९८९ साली न्यूमन व केनवर्दी यांनी ३२ शहरांची तुलना करून वस्ती जितकी दाट तितके दरडोई पेट्रोल कमी, असा निष्कर्ष काढला; आणि १९९० साली युरोपीय आयोगाने नागरी पर्यावरणावरील आपल्या पत्रिकेत संहत नगराचा पुरस्कार केला. या मांडणीचा गाभा अंतर आणि इंधन हा आहे. ज्या शहरांवरून ती बेतली गेली त्यांपैकी बहुतेकांत नळ आणि मैलावाहिन्या पूर्वीच येऊन चुकल्या होत्या. पाणी कोठून येते आणि वापरून झाल्यावर कोठे जाते, हा प्रश्न तेथे आधीच मिटलेला असल्यामुळे तो मांडणीच्या मध्यभागी आला नाही. मालवणच्या किनाऱ्यावर मात्र तोच प्रश्न आधी येतो.

मराठीत वस्तीसाठी दोन निरनिराळ्या शब्दकुलांचा व्यवहार आहे. देशावरचे गाव 'पांढरी' आणि 'काळी' अशा दोन रंगांत विभागलेले असते : पांढरीत घरे, काळीत शेते, मध्ये गावकूस आणि कुसाला वेस. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात जे गाव वर्णिले आहे ते हेच. सरकारी भाषेतील 'गावठाण' म्हणजे त्या पांढरीचीच आखीव हद्द. 'ठाण' हे 'स्थान' शब्दाचे रूप उघडच आहे. कोकणात उतरले की यांपैकी कुसू आणि वेस हे शब्द निरुपयोगी होतात. तेथील एकक 'वाडी'. संस्कृत 'वाट', 'वाटिका' म्हणजे कुंपण घातलेली जागा, बाग. तिच्यापासून आलेला हा शब्द घराचा व बागायतीचा एकाच वेळी वाचक आहे. इरावती कर्वे यांनी १९५७ साली भारतीय खेड्यावर लिहिताना पठारावरील घट्ट गाव आणि किनाऱ्यावरील लांबट, आपापल्या आवारात घरे असलेले गाव हा भेद स्पष्टपणे नोंदविला आहे. पांढरी आणि काळी येथे वेगळ्या नाहीत. घर, पुढचे खळे, मागचे परडे, विहीर, माडपोफळी आणि भोवती चिऱ्यांचा गडगा, हे सर्व मिळून एक घटक. अशा घटकांची वाडी. आणि वाड्यांचे गाव.

हा विखुरलेपणा निव्वळ ऐसपैस जागेचा परिणाम होय, असे पुष्कळांस वाटते. मला ते पटत नाही. या जिल्ह्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळे पाणी झपाट्याने झिरपते, उताराने वाहते आणि समुद्रास मिळते. चैत्र-वैशाखात विहिरी तळ गाठतात. जांभ्यातून जसे पाणी झिरपते तशीच घाणही झिरपते. ज्या भूमीवर प्रत्येक घरास स्वतःची विहीर हवी आणि सांडपाणीही त्याच घराच्या परड्यात जिरवावयाचे, तेथे दोन घरांत अंतर राखावेच लागते. आजची भाषा वापरावयाची तर वाडी ही एक आरोग्यव्यवस्था होती. हे तत्त्व कोणी लिहून ठेवलेले नाही. शब्दांत मात्र ते सापडते. बाव, व्हाळ, मळा, भरड, पाणंद ही वाडीच्या बोलीतील नावे एका ओळीत ठेवली तर डोंगरमाथ्यापासून खाडीपर्यंतचा पाण्याचा मार्गच डोळ्यांसमोर उभा राहतो.

धामापूर हे अशा वाड्यांचे गाव. मालवणहून कुडाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मालवणपासून सुमारे पंधरा किलोमीटरांवर ते आहे. नावाअखेर 'पूर' असले तरी येथे कधी नगर होते असा अर्थ त्यावरून काढू नये. ग्रामनामांतील हा प्रत्यय फार उदारपणे वाटला गेला आहे. गावाची ख्याती आहे ती तलावासाठी. विजयनगरचा मांडलिक नागेश देसाई याने १५३० साली दोन टेकड्यांमधील वाट मातीच्या बांधाने अडवून हा तलाव केला, अशी नोंद सर्वत्र दिली जाते. काठावर भगवतीचे मंदिर आहे. पाटाने निघालेले पाणी धामापूर व शेजारचे काळसे या गावांतील भात, माड आणि पोफळी यांस मिळत आले. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने जागतिक वारसा सिंचनरचनांच्या यादीत या तलावाचा समावेश केला. त्या वर्षी भारतातील चार रचना निवडल्या गेल्या. उरलेल्या तिन्ही आंध्र प्रदेशातील होत्या.

तारखांकडे लक्ष द्यावे. सिंधुदुर्ग किल्ल्याचा पाया २५ नोव्हेंबर १६६४ रोजी घातला गेला. म्हणजे तलाव किल्ल्यापेक्षा १३४ वर्षांनी जुना. आणि मालवणची पेठ किल्ल्याच्या आश्रयाने भरभराटीस आली असे धरले, तर तो पेठेच्या भरभराटीहूनही जुना. तलाव शहरासाठी बांधला गेला नाही. वाडीचा विखुरलेपणा टिकावा, उन्हाळ्यातही मळा हिरवा राहावा, एवढ्यासाठी तो होता.

तलावाविषयी एक आख्यायिका सर्वश्रुत आहे. लग्नकार्यात दागिन्यांची अडचण असली की फुलांची परडी पाण्यात सोडून देवीस मागणे घालावे. परडी दागिन्यांसह वर येई. कार्य झाले की दागिने परत करावे. पुढे कोणी एकाने ते परत केले नाहीत आणि देवीने देणे थांबविले. अशा कथा अन्य जलाशयांविषयीही सांगतात, तेव्हा तिचे मूळ धामापुरातच शोधण्याचे कारण नाही. परंतु जो तलाव सामाईक पाण्यावर उभा आहे त्याच्याच काठी उसनवारीचा आणि परतफेडीचा नियम सांगणारी कथा रुजावी, हे इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. गावाने आपला पाणीहक्काचा कायदा कागदावर न लिहिता देवीच्या तोंडी घातला, असे म्हणावयास हरकत नाही.

आता मालवणकडे वळू. खऱ्या अर्थाने संहत अशी या किनाऱ्यावरील वस्ती म्हणजे सिंधुदुर्ग किल्लाच. कुरटे बेटावरील सुमारे ४८ एकर जागा, चहूंकडे तट, आत शिबंदी; आणि हे सर्व ज्यांच्या बळावर टिकले त्या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी : दूधबाव, दहीबाव, साखरबाव. नावांतील हे कौतुक अकारण नव्हे. किल्ल्यात किती माणसे राहू शकतील हे तटाच्या लांबीवरून ठरत नव्हते, या तीन बावींवरून ठरत होते.

किनाऱ्यावरचे मालवण शहर हे वाड्या जुळून झालेले आहे. मेढा, देऊळवाडा, गवंडीवाडा, धुरीवाडा, दांडी, भरड ही त्याच्या भागांची नावेच पाहावी. 'मेढा' हा लाकडी मेढेकोटाची आठवण देतो. 'दांडी' वाळूच्या पट्ट्याची. 'भरड' म्हणजे माथ्यावरची कोरडवाहू जमीन, जेथे आज शहरातील गजबजलेला नाका आहे. (शहराच्या नावाची 'महालवण' आणि 'माडबन' अशा दोन्ही व्युत्पत्ती ऐकावयास मिळतात, ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांत दोहोंपैकी एकही निर्वेधपणे बसत नाही.) २००१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे साडेअठरा हजार होती. संख्या मोठी नाही. तथापि समुद्रकाठच्या विहिरीतून उपसा वाढला की गोडे पाणी मागे सरते आणि खारे आत येते. विहीर मचूळ होते. पेठ जसजशी दाटली तसतसे तिला स्वतःच्या भूमीतील पाणी अपुरे पडू लागले, आणि धामापूरच्या तलावाचे पाणी नळाने मालवणात आले.

माझ्या विवेचनाचा मुख्य मुद्दा येथे आहे. नकाशावर मालवणची हद्द आखली, आत घरे मोजली, बाजार-शाळा-बंदर ही सर्व चालत जाण्याच्या अंतरावर आहेत असे पाहिले, की संहत नगराच्या बहुतेक कसोट्यांस ते उतरेल. पण त्याचे पाणी पंधरा किलोमीटरांवरील एका विखुरलेल्या गावाच्या डोंगरउतारांवर गोळा होते. त्या उतारांवरील झाडी शाबूत आहे, बांध राखला आहे, गाळ साचलेला नाही, यावर शहराचा उन्हाळा अवलंबून आहे. म्हणजे नगराची संहतता ही वाडीच्या विखुरलेपणाने पुरविलेली आहे. एकाचा हिशेब मांडून दुसऱ्याचा वगळणे म्हणजे जमा दाखवून खर्च लपविणे होय.

मालवणी माणसास हा व्यवहार नवा नाही. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या कामगारांनी लालबाग-परळच्या चाळींत जी वस्ती केली तिच्याइतकी संहत वस्ती मराठी भाषकांनी क्वचितच अनुभवली असेल. गिरणी, बाजार, भजनीमंडळ, खानावळ, सारे हाकेच्या अंतरावर. त्या दाटीस पाणी मिळाले ते १८६० साली विहारहून, १८९२ साली तानशाहून, आणि पुढे वैतरणा व भातसा खोऱ्यांतून. प्रत्येक वेळी अधिक दुरून. मुंबईने जे शंभर किलोमीटरांच्या मापाने केले तेच मालवणने पंधरा किलोमीटरांच्या मापाने केले आहे. फरक एवढाच की मालवणपाशी तानशानंतर वैतरणा नाही.

१९१५ पासून भारतातील नगरांचे अहवाल लिहिणारे आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यासन स्वीकारणारे पॅट्रिक गेडिस यांनी, हिवतापाच्या भीतीने गावतळी बुजवू पाहणाऱ्या तत्कालीन अभियंत्यांस विरोध केला होता. तळे हे नगराचे अंग आहे, अडगळ नव्हे, ही त्यांची भूमिका होती. खेद याचा की त्यांचे नाव आपल्या अभ्यासक्रमांत टिकले, तळी मात्र नकाशाच्या कडेला गेली.

कायद्याची भाषाही या बाबतीत देशावरचीच आहे. जमीन महसूल संहिता १९६६ सालची. तिच्यात वस्तीची कल्पना गावठाणावर बेतलेली आहे, आणि गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरांच्या आतील जमिनीस बांधकामासाठी सवलत मिळते. कोकणातील कित्येक गावांत आखीव गावठाणच नाही. जेथे पांढरी नाही तेथे पांढरीपासूनचे अंतर कसे मोजावयाचे? २०२० साली राज्याच्या बहुतेक भागास लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीने लहान नगरपरिषदांनाही अधिमूल्य भरून जादा चटई क्षेत्र निर्देशांक खुला केला. तत्त्वतः हे संहततेस पोषक आहे. पण मैलावाहिनीच्या आधी मजले चढले, तर त्यांचा शोषखड्डा कोणाच्या तरी बावीजवळच येणार.

यावर असा आक्षेप संभवतो की, मग प्रस्तुत लेखक विखुरलेल्या बांधकामाचा कैवारी आहे काय? तसे नाही. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाल्यानंतर रस्त्यांच्या कडेने आणि किनाऱ्याने जी निवासस्थाने उभी राहिली ती वाडीसारखी दिसतात, वाडी नव्हेत. त्यांस परडे नाही, मळा नाही. विंधनविहीर तेवढी आहे. वाडी पाणी घेत होती तशी जिरवीतही होती. हा नवा विखुरलेपणा फक्त घेतो. त्याच्या तुलनेत मालवणच्या पेठेत दोन मजले वाढणे मी केव्हाही पत्करीन, मात्र त्या मजल्यांच्या पाण्याची आणि सांडपाण्याची तरतूद परवान्याच्या कागदावर आधी लिहिली गेली पाहिजे.

व्यवहारात याचा अर्थ असा की मालवणची विकास योजना आखताना धामापूर तलावाचे पाणलोट क्षेत्र शहराच्या हद्दीबाहेरचे म्हणून सोडून देता येणार नाही. जादा बांधकामाबद्दल शहर जे अधिमूल्य घेते त्यातील वाटा बांधाच्या दुरुस्तीस व उतारांवरील झाडीस मिळावा, आणि पाटाच्या पाण्यावरील धामापूर-काळसे येथील बागायतदारांचा हक्क नळाच्या हक्काच्या खाली धरला जाऊ नये. आपल्या विभागापुरते एक काम तातडीचे आहे. धामापूर, काळसे आणि चौके या गावांतील व्हाळ, बावी, मळे व भरडी यांची स्थानिक नावे बोलीत जशी आहेत तशी, भूमापन क्रमांकांसह नोंदविली पाहिजेत. सात-बाराच्या उताऱ्यावर ही नावे बहुधा येत नाहीत. ती सांगू शकणारी पिढी आज सत्तरीच्या पुढे आहे.