सहीच्या आधीची संमती

वैद्यकीय संशोधनातल्या नीतीची चर्चा बहुधा संमतिपत्राभोवतीच फिरते. अभ्यासाचा प्रश्न मुळात कोणाचा, हे त्याआधी विचारायला हवे, असे गडचिरोलीचा इतिहास सांगतो. १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळ्या निघालेल्या या जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६च्या सुमारास ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. त्या काळी खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे सरकारी लेखी बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. अंगावरून पांढरे जाण्याचे, ओटीपोटात दुखण्याचे दुखणे कुठल्याच नोंदवहीत नव्हते. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग निघाला, आणि अशी तपासणी पूर्वी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. १९८९ साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. बायका जे सोसत होत्या, तेच इथे अभ्यासाचा विषय झाले. दवाखान्याचेही तसेच. आदिवासींना शहरी इस्पितळाची धास्ती वाटे, म्हणून शोधग्राम या सर्चच्या वसाहतीतले रुग्णालय त्यांच्या वस्तीसारखे, झोपड्यांचे बांधले गेले आणि त्याला त्यांच्या दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले.

याउलट तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मममध्ये २००९ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस मुलींना देण्याचा प्रकल्प झाला. आदिवासी आश्रमशाळांतल्या अनेक मुलींच्या वतीने संमतिपत्रावर सह्या केल्या त्या वसतिगृहाच्या अधीक्षकांनी. २०१० साली प्रकल्प थांबवावा लागला. लस घेतलेल्या काही मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही, पण म्हणून ती संमती खरी ठरत नाही. कागदावर सह्या होत्या. त्या मुलींच्या आईबापांना कोणी विचारलेच नव्हते.

यावर कोणी म्हणेल, जंतू आणि नमुनानिवड अडाणी माणसाला काय कळणार? संशोधनाची पद्धत शास्त्रज्ञाने ठरवावी, हे मान्यच. पण आपल्या घरात काय बिघडले आहे, हे त्या माणसाइतके कोणालाच ठाऊक नसते, आणि शिकवले तर तो उपायही हाताळू शकतो. १९९५पासून सर्चने ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केले. त्या घरी जाऊन नवजात बाळाचे वजन करत, जंतुसंसर्ग ओळखत, प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण, ही सेवा नसलेल्या तुलनेच्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले.

खरा कठीण आक्षेप आहे तो या तुलनेच्याच ४७ गावांबद्दल. तिथली बाळे या सेवेवाचून का राहिली? तिथे नेहमीची सरकारी सेवा चालू होती, आणि कमी शिकलेल्या बाईने नवजात बाळाला टोचलेले इंजेक्शन तारते की मारते, हे सुरुवातीला कोणालाच सांगता येत नव्हते. तुलनेविना हा उपाय दुसऱ्या जिल्ह्यांनी स्वीकारला नसता. हे उत्तर मला पटते, पण पुरेसे वाटत नाही. फरक दिसू लागला, त्या क्षणापासून त्या गावांचे देणे वाढत गेले, आणि ते आकडेमोडीत फिटणारे नव्हते. २०११ साली ‘आशा’ आरोग्यसेविकांच्या घरभेटींतून नवजात बालसेवा देशभर सुरू झाली. अभ्यासाच्या वर्षांत तुलनेच्या गावांत बाळ गमावलेल्या घरांसाठी ती फार उशिरा आली होती.