ओढगाडीचा ब्रेक

मोटारीमागे घर जोडून देशाटन करण्याची हौस इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धानंतर, म्हणजे बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने १९१९ मध्ये ओढगाड्या बांधावयास घेतल्या तेव्हापासून, मूळ धरू लागली. तत्पूर्वी १८८५ मध्ये गॉर्डन स्टेबल्स या नौदलातील निवृत्त वैद्याने ‘वाँडरर’ ही घोड्यांनी ओढायची निवासगाडी करवून घेतली होती. घोड्याच्या चालीत जे भय सुप्त होते ते मोटारीच्या वेगाने प्रकट केले: पुढील वाहन थांबू लागले तरी मागील भार जडत्वाने रेटतच राहतो, आणि उताराच्या वळणावर पुढच्या मोटारीलाही आडवी करू शकतो.

या प्रश्नाचा अत्यंत विचारपूर्ण निवाडा, माझ्या मते, १९ सप्टेंबर १९४९ रोजी जिनिव्हा येथे झालेल्या रस्तावाहतूक कराराच्या जोडपत्रात आढळतो. साडेसातशे किलोग्रॅमहून जड ट्रेलरला ब्रेक आवश्यक ठरविताना, त्याहून हलक्या ट्रेलरलाही, त्याचे वजन ओढणाऱ्या मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भरत असेल तर, त्या कलमाने मुभा दिली नाही. बोजा जोडीदाराच्या बळाच्या मानाने तोलला गेला, हीच त्या तरतुदीची खरी थोरवी होय. जोड तुटल्यास ट्रेलर आपोआप थांबावा, या दुसऱ्या अटीतून मात्र दोनचाकी तंबूगाड्यांना, जादा साखळी वा तारेचा दोर लावण्याच्या बोलीवर, सूट मिळाली. करारातील ट्रेलरचे वजन म्हणजे गाडी आणि तिला मान्य केलेला कमाल भार यांची बेरीज होय. म्हणून रिकामेपणी मर्यादेत बसणारी घडीच्या छताची लहान गाडीही, अंथरूण, शेगडी आणि पाण्याचे पिंप यांसाठी मान्य केलेला भार हिशेबात धरताच, ब्रेकच्या सक्तीखाली येऊ शकते.