सामूहिक ईमेल पोहोचत नसेल तर काय तपासावे?

वैजापूर तालुक्यातील विद्यार्थ्याला महाडीबीटी शिष्यवृत्तीची मुदत कळवणारा ईमेल मिळालाच नाही, तर अर्ज राहतो आणि फीचा भार घरावर पडतो. म्हणून यादी सांभाळणाऱ्या कार्यकर्त्याने पुढील क्रमाने तपासावे.

१. परत आलेला संदेश वाचा. '५५० ५.१.१' म्हणजे असा पत्ताच नाही. अक्षरे तपासा, दुरुस्त होत नसेल तर यादीतून काढा.

२. 'मेलबॉक्स भरला' असे आले, तर सदस्याला फोन करा. जीमेलच्या मोफत १५ जीबीत ड्राइव्ह आणि फोटोही मोजले जातात.

३. काहीच परत आले नाही, तर सदस्याला स्पॅम आणि प्रमोशन्स पाहायला सांगा. मेल सापडल्यास 'स्पॅम नाही' दाबून पत्ता संपर्कात जतन करावा.

४. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला सुमारे ५०० जणांनाच मेल जातो. यादी मोठी असेल तर टप्पे पाडा.

५. संस्थेचे स्वतःचे डोमेन असेल, तर एसपीएफ आणि डीकेआयएम नोंदी करून घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने याबाबतचे नियम कडक केले आहेत.

मुदतीची तारीख मात्र केवळ ईमेलवर सोडू नका. वसतिगृहाच्या आणि विहाराच्या फलकावरही लावा.